गोल बैठकीचे नट

आत्याच्या गॅरेजमध्ये बिघडलेल्या गाड्या फारशा येत नसत. यायच्या त्या अगदी धडधाकट गाड्या. बिघडलेले असायचे ते त्यांचे मालक. कुणाला गाडी जमिनीला टेकवायची असायची, तर कुणाला ती उंटासारखी उंच हवी असायची. कुणाला सायलेन्सरचा आवाज असा हवा की गल्लीच्या टोकाला कळावं साहेब आले, आणि त्याच साहेबांना तो घरी बायकोला मात्र ऐकू जायला नको. आत्या सगळ्यांचं ऐकून घ्यायची, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायची आणि म्हणायची, "गाडी आणा. बघते."

फोनवर तर ती यापलीकडे एक अक्षर बोलायची नाही. समोरचा माणूस गयावया करो, नाहीतर तुम्हाला येत नसेल म्हणून टोमणा मारो, गाडी बघितल्याशिवाय आत्याच्या तोंडून उत्तर निघायचं नाही.

पक्कडला हे मुळीच पटायचं नाही. पक्कड म्हणजे आत्याची भाची. रांगत होती तेव्हा हातात आलेली वस्तू सोडायची नाही म्हणून हे नाव पडलं, आणि आता नववीत गेली तरी नाव काही सुटलं नाही. वर्षभरापूर्वीपर्यंत वर्गात तिचा आवाज हजेरीपुरता निघायचा. मग एकदा विज्ञानाच्या तासाला बाईंनी इंजिनाचं काम कसं चालतं ते विचारलं, आणि ही जी उभी राहिली ती घंटा होईपर्यंत बसलीच नाही. बाई खडू हातात धरून ऐकत राहिल्या. तेव्हापासून पक्कडला शोध लागला होता की आपल्याला येतं. नुसतं येत नाही, छान येतं. दर रविवारी ती गॅरेजमध्ये यायची, मिस्तरींच्या बाजूला उकिडवी बसायची आणि टीपकागदासारखी सगळं टिपून घ्यायची.

तर त्या रविवारी आत्या एका गिऱ्हाइकाची गाडी घेऊन चक्कर मारायला गेली होती. मिस्तरी एका गाडीखाली होते, म्हणजे त्यांचे फक्त दोन बूट गॅरेजमध्ये होते. आणि भिंतीवरचा फोन वाजला. जुना, वायरवाला, नंबर दाखवायची खिडकी नसलेला. ग्रीसच्या हातांनी उचलायला हाच बरा, असं आत्याचं म्हणणं.

"रुंद टायर टाकले तर गाडी जास्त घट्ट धरेल का हो रस्ता?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

पक्कडने 'गाडी आणा' म्हणायला तोंड उघडलं. निघालं भलतंच. "धरेल, पण स्टिअरिंग जड होईल आणि ॲव्हरेज पडेल. कंपनीने दिलंय त्याच्या एक माप वर जा. हाव नको."

"थँक्यू मॅडम," पलीकडचा म्हणाला.

मॅडम. पक्कडने रिसीव्हर ठेवला आणि उगाचच ओढणी नीट केली. जन्मात तिला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. अगं, ए, हलकट, कार्टे, एवढ्यावरच आजवरची मजल होती.

पुढच्याला स्प्रिंग कापून गाडी खाली आणायची होती. त्याला तिने असं काही झापलं की तो सॉरी म्हणून मोकळा झाला. आणि मग पावणेबाराला तिसरा फोन आला.

"मॅडम, मी अलॉयची चाकं घेतली आहेत. वापरलेली, पण चकाचक. विकणाऱ्याने नट काही दिले नाहीत. गाडीचे जुने नट आहेत, ते चालतील का?"

आवाज भला होता. पक्कडने घसा साफ केला. "चाकाची भोकं जुळतात का गाडीला?"

"चारही. एक चाक लावून बघितलंय."

"मग प्रश्नच कुठे आहे? नट ज्यांवर चढतात ते स्टड तुमच्या गाडीचे, नट तुमच्या गाडीचे. आटे जुळणारच. लावा बिनधास्त."

"नक्की ना? दुपारी निघायचंय आम्हाला. आई आहे बरोबर, बायको, छोटी मुलगी. घाट उतरायचाय, म्हणून विचारलं."

"शंभर टक्के," पक्कड म्हणाली.

मिस्तरी गाडीखालून बाहेर आले तेव्हा ती टेबलावर पाय हलवत बसली होती. "तीन फोन घेतले," ती म्हणाली, "तिन्ही निकालात."

"वा पक्कडबाई. मला पण ठेवा कामाला," म्हणत मिस्तरी पाणी प्यायला लागले. तिने एकेक करून सगळं सांगितलं. टायरला त्यांनी मान डोलावली. स्प्रिंगला हसले. तिसऱ्याला त्यांचा पेला तोंडाशी तसाच राहिला.

"गाडी कुठली?"

"ते नाही विचारलं."

मिस्तरींनी पेला ठेवला. फळीवरच्या डब्यात हात घालून दोन नट काढले आणि तिच्या तळहातावर ठेवले. "आटे बघ. एकच. आता तोंडं बघ."

एका नटाचं तोंड वाटीच्या बुडासारखं गोल होतं. दुसऱ्याचं निमुळतं, टोक काढलेल्या पेन्सिलीसारखं.

"नट चाकात जिथे टेकतो ती बैठक," मिस्तरी म्हणाले. "हा गोल, कंपनीच्या चाकाचा. हा निमुळता, बाहेरच्या अलॉयचा." त्यांनी कोपऱ्यातलं एक अलॉय ओढलं आणि गोल नट त्याच्या भोकात बसवला. बसला. मग अंगठ्याने हलवला, तर डुलला. "पान्याने आवळला की घट्ट लागतो. माणसाला वाटतं झालं काम. पण टेकलाय कुठे, तर एका रेघेवर. तीस-चाळीस किलोमीटर गेलं की सैल."

"मग?"

"मग चाक हलायला लागतं. भोकं खातं. मग..." मिस्तरी हात फडक्याला पुसत राहिले.

"सगळ्याच गाड्यांची बैठक गोल असते का?"

"छे. दहात दोन-तीन गाड्यांची. म्हणून तर विचारलं, गाडी कुठली."

दहात दोन-तीन. पक्कडने मनातल्या मनात गणित मांडलं. म्हणजे दहात सात वेळा काहीच होणार नाही. शाळेत सत्तर टक्क्यांना पहिला वर्ग मिळतो. पण इथे उरलेल्या तिसांत एक आई होती, एक बायको होती आणि एक छोटी मुलगी होती, आणि पक्कडला त्यांचे चेहरे दिसायला लागले, जे तिने कधी बघितलेच नव्हते.

"फोन करू त्यांना," ती म्हणाली, आणि मग तिचं लक्ष फोनकडे गेलं. त्याला खिडकी नव्हती. कुणाचा नंबर, कुठलं घर, काही म्हणजे काही नव्हतं. एक भला आवाज, बस्स.

"आत्याला सांग," मिस्तरी म्हणाले.

"येईलच ती."

आत्या आली, पण गिऱ्हाइकासकट. गिऱ्हाईक म्हणजे बोलका माणूस. गाडी वळणावर कशी चालली, वेगात कशी चालली, थांबताना कशी चालली, सगळं कीर्तन त्याने उभ्या उभ्या लावलं. पक्कड खांबाला टेकून उभी होती. आत्ता सांगावं. नको, हा जाऊ दे. घड्याळात साडेबारा झाले. मिस्तरी एकदा तिच्याकडे बघून पुन्हा कामाला लागले. ते चुगली करणाऱ्यांतले नव्हते, आणि तेच वाईट होतं. दुसऱ्या कुणी सांगून टाकलं असतं तर ती सुटली असती. न सांगितलं तर कुणाला कळणारही नव्हतं. हा विचार तिच्या मनात आला, चांगला मिनिटभर रेंगाळला, आणि तो आपलाच आहे हे लक्षात येऊन ती दचकली.

"आत्या," ती गिऱ्हाइकाच्या वाक्याच्या मधोमध म्हणाली. "मी एका माणसाला चुकीचं सांगितलंय."

सगळं ऐकून आत्या ओरडली नाही. त्यामुळे प्रकरण केवढं आहे ते पक्कडला कळलं. एरवी दहा नंबरचा पाना बाराच्या खणात सापडला तरी आत्या गॅरेज डोक्यावर घ्यायची.

"किती वाजता आला फोन?"

"पावणेबारा."

"निघणार कधी म्हणाला?"

"दुपारी. घाट उतरणार आहेत."

"चाकं कुणाकडून घेतली?"

"वापरलेली आहेत एवढंच म्हणाले."

आत्याने गिऱ्हाइकाला हात जोडून वाटेला लावलं. जुनी चाकं विकणारी गावात तीनच दुकानं होती. एकाने सांगितलं, महिनाभरात अलॉय विकलेलं नाही. दोघांनी फोन उचलला नाही, रविवार होता. आत्याने स्कूटरची किल्ली घेतली. "मी दोघांच्या घरी जाते. मिस्तरी, तुम्ही हायवेच्या पंपावर जा. बाहेरगावी निघालेला माणूस हवा भरायला तिथे थांबतोच. नवी चमकणारी चाकं आणि मागच्या सीटवर म्हातारी बाई, दिसली गाडी की आडवे व्हा."

"आणि मी?"

"तू फोनजवळ. हलायचं नाही."

"त्यांचा परत फोन आला तर?"

"येणार नाही. पण आलाच, तर गाडी थांबव. कशी ते तुझं तू बघ."

गॅरेज एवढं शांत असू शकतं हे पक्कडला माहीतच नव्हतं. नळ टपकत होता. अर्धी उघडलेली गाडी आ वासून बघत होती. पक्कडने तो गोल नट मुठीत धरला होता, इतका घट्ट की मूठ उघडली तर तळव्यावर त्याचं तोंड उमटलेलं. सव्वा वाजला. दीड वाजला. निघाले असतील. आई मागे बसली असेल. मुलगी खिडकीशी. दहा किलोमीटर. वीस.

फोन वाजला. तिने पहिली घंटा पुरी होऊ दिली नाही.

"हॅलो, सायलेन्सर मोठा लावला तर गाडीची ताकद वाढते का?"

"गाडी आणा. बघतील," पक्कड म्हणाली आणि फोन आपटला. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तिला काय सुंदर वाटलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी तो पुन्हा वाजला. या वेळी पलीकडे वारा होता, इंजिनाची घरघर होती, आणि त्यातून तोच भला आवाज.

"मॅडम, मघाशी बोललो होतो ना, अलॉयचं? झकास दिसतायत. एक विचारू का, साठच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतंय. चाकांचं बॅलन्सिंग करून घ्यावं लागेल का?"

शंभर माणसांनी हा प्रश्न विचारला तर नव्वदांना 'हो, करून घ्या' हेच उत्तर. पक्कडला ते झोपेत आलं असतं.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

"अं? आता घाट लागेल. खाली उतरलो की बघतो."

"घाटाच्या आधी थांबवा. नट सैल होतायत."

"नाही हो, मी स्वतः आवळलेत. पान्यावर उभा राहून."

"तरी होतात. ते नट त्या चाकाचे नाहीत."

"तुम्हीच तर म्हणालात मॅडम. शंभर टक्के."

"मी चुकीचं सांगितलं."

मागून एक म्हातारा आवाज आला, "कोण आहे रे?" आणि तो म्हणाला, "गॅरेजच्या मॅडम आहेत, आई."

"मी मॅडम नाही," पक्कड म्हणाली. तिचा आवाज चिरकला आणि तिने तो चिरकू दिला. "मी नववीत आहे. गॅरेज माझ्या आत्याचं आहे. मी तुमची गाडी बघितलेली नाही, कुठली आहे तेही विचारलं नाही. मला वाटलं मला येतं."

मग तो म्हणाला, आणि आता त्या आवाजातला भलेपणा आटत चालला होता, "मोठं कोणी आहे का तिथे?"

"नाही. सगळे तुम्हाला शोधायला गेलेत."

"हे बघ बाळ, मघाशी एक सांगतेस, आता एक सांगतेस. खरं कुठलं धरू?"

मॅडमची बाळ झाली, दोन वाक्यांत. आणि तो म्हणत होता ते बरोबरच होतं. मघाशी विश्वास ठेवायला नको होता तेव्हा त्याने ठेवला, आता ठेवायला हवा तर का ठेवावा? रडून उपयोग नव्हता. ओरडूनही नव्हता, ओरडणाऱ्या पोरीचा फोन माणूस ठेवून देतो. आणि फोन ठेवला तर संपलं. पक्कडने डोळे मिटले आणि फक्त गाडीचा विचार केला.

"काका, एकच सांगा. थरथर घरून निघाल्यापासून आहे का?"

"नाही. निघालो तेव्हा लोण्यासारखी चालत होती."

"मग कधीपासून?"

"झाले असतील... पंधरा-वीस मिनिटं."

"वाढतेय का?"

"थोडी," तो म्हणाला.

"बॅलन्सिंगचं असतं तर पहिल्या किलोमीटरपासून असतं," पक्कड म्हणाली, शक्य तितक्या हळू. "आणि जेवढं आहे तेवढंच राहिलं असतं. वाढलं नसतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. उतरून नट बोटांनी फिरवून बघा. नाही फिरला तर मला वाट्टेल ते बोला आणि जा पुढे."

मागून म्हातारा आवाज पुन्हा आला. "थांबव रे."

"आई, आता इथे कुठे—"

"थांबव म्हटलं ना."

टिक टिक, टिक टिक. साइड दिवा लावल्याचा तो आवाज पक्कडला आयुष्यातल्या कुठल्याही घंटेपेक्षा मोठा वाटला. खडी चुरचुरली. इंजिन थांबलं. दार उघडलं. फोन तसाच सीटवर पडला असावा, कारण एक बारीक आवाज म्हणाला, "आलं का आजोळ?" आणि कुणीतरी म्हणालं, "गप बस गं, बाबांना बघू दे."

पक्कडने आकडे मोजायला सुरुवात केली. चाळीसपर्यंत आली आणि विसरली.

पावलं आली. फोन उचलला गेला. माणूस श्वास घेत होता.

"पुढचं डावं," तो म्हणाला. "दोन नट बोटांनी फिरले. तिसरा पण फिरला." मग थोडं थांबून, "चौथा नाहीच आहे."

पक्कड खाली बसली. फोनची वायर पुरली नाही, म्हणून पुन्हा उठली. "आता गाडी हलवू नका," ती म्हणाली. "आजींना आणि मुलीला रस्त्यापासून लांब बसवा. कुठे आहात ते सांगा, आम्ही येतो."

पक्कडने आत्याला मोबाइलवर बोलावून घेतलं. घाटाच्या पाटीच्या अलीकडे गाडी उभी होती. आत्याने गॅरेजची व्हॅन तिच्या मागे लावली, आणि पक्कडला पहिल्यांदा ती माणसं दिसली. उंच, वाकलेला, शर्टाच्या बाह्या काळ्या झालेला माणूस. मुलीचा हात सोडायला तयार नसलेली त्याची बायको. दगडावर बसलेली, पर्स मांडीवर धरलेली त्याची आई. तिने कल्पना केलेल्या चेहऱ्यांपैकी एकही नव्हता. हे चेहरे जास्त खरे होते आणि रागावलेले होते.

"ही का?" त्याने आत्याला विचारलं, पक्कडकडे न बघता.

"हीच. माझ्या फोनवरून बोलली, म्हणजे मीच बोलले. माझं चुकलं."

"माझं चुकलं," पक्कड म्हणाली. आत्याने तिच्याकडे बघितलं, पण खोडलं नाही.

"माझी मुलगी होती गाडीत," त्याची बायको म्हणाली. एवढंच.

आत्या कामाला लागली. डावं पुढचं चाक निघालं तेव्हा त्याची भोकं अंड्यासारखी लांबुळकी झालेली दिसली, कडेला धातूची चकचकीत भुकटी. त्या माणसाने बोटावर घेऊन ती बघितली आणि पँटला पुसली. आत्याने स्टड एकेक तपासले; ते शाबूत होते. त्या जागी स्टेपनी चढली. ती कंपनीची, तिला जुने गोल नटच हवे होते. बाकी तिन्ही चाकांना निमुळते. पक्कड तळहातावर नट धरून उभी राहायची, आत्या उचलायची, आणि प्रत्येक नट उचलण्याआधी तो माणूस वाकून त्याचं तोंड बघायचा. सोळाच्या सोळा. कुणी त्याला थांबवलं नाही.

"पन्नास किलोमीटरनंतर थांबून परत आवळायचे," आत्या पाना पुसत म्हणाली. "घाट हळू उतरा. खालपर्यंत मी मागेच आहे. आता बसा."

बायको बसली. मुलगी बसली. आजी दगडावरून उठल्या, पण गाडीकडे गेल्या नाहीत.

"मी त्यात बसणार नाही."

"आई, झालं आता सगळं. बाईंनी स्वतः केलंय."

"झालं असेल. मघाशी पण झालंच होतं."

तो समजावत राहिला. बायकोने आतून हाक मारली. आजींनी पर्स काखेत घट्ट धरली आणि सरळ व्हॅनच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, जणू ती त्यांच्यासाठीच थांबलेली बस होती. "मी यांच्यात बसते. खाली उतरलो की बघू."

तेव्हा व्हॅनमध्ये पुढे तिघी. आत्या स्टिअरिंगवर, आजी खिडकीशी, मधे पक्कड, गुडघे आवळून. गाडी पुढे निघाली आणि व्हॅन तिच्या मागे. पहिल्या वळणावर आजींनी दारावरची कडी धरली ती सोडलीच नाही. पक्कडला त्यांना काहीतरी सांगावंसं वाटत होतं. व्हॅनचे ब्रेक चांगले आहेत, आत्याने वीस वर्षं घाट चालवलाय, असलं काहीतरी. तोंडाशी आलेलं प्रत्येक वाक्य तिला खोटं वाटायला लागलं, खरं असूनही. म्हणून ती गप्प बसली. अलीकडे असं गप्प बसणं तिला जमत नसे, आज जमलं.

पुढच्या गाडीचं डावं मागचं चाक फिरत होतं. चमकत होतं. वळणावर किंचित बाजूला झुकल्यासारखं दिसायचं, मग पुन्हा सरळ. पक्कड डोळ्याची पापणी न लववता त्याच्याकडे बघत होती.

"काय बघतेस एवढं?" आजींनी विचारलं.

"चाक."

"हलतंय का?"

"नाही वाटत." मग पक्कडने ते दुरुस्त केलं. "इथून नक्की नाही सांगता येत."

"मग बघत राहा," आजी म्हणाल्या, आणि स्वतःही पुढे वाकून बघायला लागल्या. खाली घाटाची अकरा वळणं अजून बाकी होती.